अल्पभूधारकाचं पीक कर्ज कुठे अडतं आणि ते कसं सोडवायचं

पीक कर्जासाठी बँकेत झुंबड उडते मे-जूनमध्ये. पण बहुतेक लहान शेतकऱ्यांचं प्रकरण त्याच्या कितीतरी आधी कागदावर अडलेलं असतं. सातबारा अजून आजोबांच्या नावावर असतो, केव्हाच फेडलेल्या कर्जाचा बोजा उतरलेला नसतो, पीक पाहणीत जमीन पड दिसत असते, नाहीतर चुलतभावाच्या ट्रॅक्टरला दिलेला जामीन आड येतो. शाखाधिकारी फक्त "नंतर या" म्हणतो, आणि शेतकरी बी-खताच्या दुकानदाराकडे उधारीवर नाहीतर सावकाराकडे जातो. तिथे महिन्याला शेकडा तीन, म्हणजे वर्षाला ३६ टक्के व्याज. तेच पैसे बँकेतून ७ टक्क्यांनी मिळतात, आणि वेळेत फेडले तर ४ टक्क्यांनी पडतात.

यातल्या बऱ्याच अडचणी सुटण्यासारख्या आहेत, पण त्या सुटायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून खरिपाच्या कर्जाची तयारी जानेवारी-फेब्रुवारीत सुरू करायची. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला शेतकरी अत्यल्पभूधारक आणि एक ते दोन हेक्टरवाला अल्पभूधारक. रिझर्व्ह बँकेच्या अग्रक्रम क्षेत्राच्या नियमांनुसार व्यापारी बँकांना एकूण कर्जाचा १८ टक्के हिस्सा शेतीला द्यावा लागतो, आणि त्या १८ टक्क्यांपैकी १० टक्के याच दोन गटांना. तुम्ही बँकेत जाता तेव्हा तिच्या उद्दिष्टाचा भाग म्हणून जाता. मान खाली घालून उभं राहायचं काही कारण नाही.

पायरी पहिली: सातबारा ओळ न् ओळ वाचा

संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीसाठी असतो. बँकेत चालतो तो डिजिटल स्वाक्षरी असलेला. तो महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो. त्याबरोबर ८अ चा उतारा (तुमच्या नावावरच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा) काढा आणि दोन्ही घेऊन निवांत बसा. लहान शेतकऱ्याचं निम्मं प्रकरण या दोन कागदांवर ठरतं, म्हणून इथे जास्त वेळ द्या.

आधी नावं बघा. वारलेल्या माणसाच्या नावावर कर्ज मिळत नाही. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांची यादी असलेलं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज एवढं लागतं. अर्ज तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीतून करता येतो. फेरफार (नोंदीतला बदल) धरला की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कुणी हरकत घेतली तर प्रकरण लांबतं, म्हणून घरातलं बोलणं आधी घरातच उरकून घ्या. शेतकऱ्याच्या मागे राहिलेल्या बायकोचं नाव लावायचं कित्येक घरांत वर्षानुवर्षं राहून जातं. शेत ती कसते, पण कागदावर ती नसते, त्यामुळे तिला कर्जही नाही, विमाही नाही आणि अनुदानही नाही. घरात असं असेल तर या यादीतलं पहिलं काम तेच.

जमिनीचं खातं सामाईक, म्हणजे अनेकांच्या नावांवर, असेल तर बँक सगळ्या खातेदारांच्या सह्या मागते, नाहीतर त्यांचं संमतीपत्र घेऊन फक्त तुमच्या हिश्शापुरतं कर्ज देते. भावाभावांचं जमत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे संमतीने वाटणी करून घेणं सगळ्यात स्वच्छ, कारण मग प्रत्येकाचं खातं वेगळं होतं. लग्न झालेल्या बहिणींची नावं लागलेली असली की काही घरांत "बँकेला लागतं" म्हणून त्यांच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात. पीक कर्जासाठी सहसा संमतीपत्र पुरतं. कर्जाच्या निमित्ताने बहिणीचा हक्क काढून घेऊ नका.

नावापुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'अ.पा.क.' असे शेरे असतील तर तेही कमी करून घ्या. पहिल्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर, दुसऱ्याचा अज्ञान पालन कर्ता. ज्या मुलासाठी 'अ.पा.क.' लागलं होतं तो आता पन्नाशीचा असतो आणि शेरा तसाच असतो. बँकेचा वकील त्यावर बोट ठेवतो आणि फाईल परत येते.

मग 'इतर हक्क' हा रकाना. इथे बोजे लिहिलेले असतात. समजा तिथे असं दिसलं: 'वि.का.से.सो. बोजा रु. १८,०००', खाली वर्तुळात फेरफार क्रमांक. म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायटीचं कर्ज. वडिलांनी ते कर्ज कधीच फेडलंय, पण सोसायटीने दाखला दिला नाही, किंवा दिला आणि तो तलाठी कार्यालयापर्यंत पोहोचला नाही. नवी बँक हे बघून गप्प होते. उपाय साधा आहे: सोसायटीकडून बेबाकी (काही देणं बाकी नसल्याचा) दाखला घ्या, अर्जासोबत जोडा, बोजा कमी करण्याचा फेरफार करून घ्या. सोसायटी अवसायनात निघाली (बंद करायला काढली) असेल तर दाखला अवसायकाकडून मिळतो. त्यांचं नाव तालुक्याच्या सहाय्यक निबंधक कार्यालयात कळतं. भूविकास बँकेच्या कर्जांबाबतही हेच बघा. राज्य सरकारने ती कर्जं २०२२ मध्ये माफ केली, पण माफी झाली म्हणून बोजा उतरलाच असेल असं धरून चालू नका.

शेवटी पिकांचा रकाना, म्हणजे गाव नमुना १२. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची झाली. नोंद राहिली की शेत पड दिसू शकतं. दुसरी नोंद त्याहून महागात पडणारी: विहीर किंवा बोअर. पाणी आहे पण सातबाऱ्यावर नाही, तर बँक जमीन जिरायत धरते आणि हेक्टरी मिळणारी कर्जाची रक्कम कमी होते. दोन्ही हंगामांत पीक घेता आणि नोंद फक्त खरिपाची असेल तर रब्बीच्या कर्जावर पाणी सोडावं लागतं.

याच आठवड्यात आधार, बँक पासबुक आणि सातबारा या तिन्हींवरचं नाव एकसारखं आहे का तेही तपासा आणि ॲग्रिस्टॅक या सरकारी डिजिटल नोंदणीतला शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या. राज्यातल्या कृषी योजनांसाठी तो १५ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक झाला आहे.

पायरी दुसरी: तुमच्या नावावर काय नोंदलंय ते बँकेच्या आधी तुम्ही बघा

पीक कर्जासाठी सिबिलचा (आधीच्या कर्जफेडीच्या अहवालाचा आणि गुणांचा) आग्रह धरू नका, असं राज्य सरकारने राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकांत बँकांना पुन्हा पुन्हा बजावलं आहे. तरीही शाखेत अहवाल काढला जातोच. म्हणून तो आधी स्वतः काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. सीएससी केंद्रावर काढून घेतलात तरी चालेल, पण मोबाईलवर आलेला ओटीपी कशासाठी देताय ते विचारून द्या.

अहवालात गुण नसतील तर घाबरू नका. आधी कधी कर्जच घेतलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. अडचण होते ती तीन प्रकारांनी. तुम्ही दुसऱ्याला दिलेला जामीन थकला असेल तर तो तुमच्या अहवालात दिसतो. मोटरसायकल किंवा मोबाईलचे राहिलेले दोन-तीन हप्ते दिसतात. आणि सगळ्यात जास्त लोकांना अडवणारी गोष्ट म्हणजे एकरकमी परतफेड. बँकेने व्याजात किंवा मुद्दलात सूट देऊन खातं बंद केलं की अहवालात ते 'सेटल्ड', म्हणजे तडजोडीने मिटलेलं, असं राहतं. पूर्ण फेडलेलं खातं 'क्लोज्ड' दिसतं. शाखेत सांगताना दोन्ही वेळा "खातं निल झालं" एवढंच सांगतात, पण नवं कर्ज मागताना या दोहोंत मोठा फरक पडतो. तडजोड करण्याआधी पूर्ण फेड करून नवं कर्ज घेणं शक्य आहे का, हे एकदा कागदावर मांडून बघा.

२०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, या दोन्हींत ज्यांची खाती माफ झाली त्यांनी खातं खरोखर शून्यावर आलं का आणि अहवालात ते बंद दिसतं का, हे तपासावं. चूक दिसली तर बँकेला आणि त्या कंपनीला लेखी कळवा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

माफीबद्दल मला मनापासून एक सांगायचं आहे. माफी हा अडलेल्या घरांना मिळालेला खरा आधार आहे, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण पुढच्या माफीच्या आशेने, पैसे हातात असताना खातं थकवू नका. प्रत्येक योजनेला थकबाकीची एक तारीख असते आणि ती आधी कुणाला माहीत नसते. अल्पमुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत) होतं. मग माफी येईपर्यंत, आली तर, बँकेचं दार बंद आणि सावकाराचं उघडं.

पायरी तिसरी: तुम्हाला किती मिळायला हवं याचा हिशेब घरीच करा

कर्जाची रक्कम शाखाधिकाऱ्याच्या मनावर नसते. दरवर्षी जिल्हास्तरीय तांत्रिक समिती प्रत्येक पिकाचा हेक्टरी पीक कर्ज दर ठरवते, जिरायत आणि बागायतचा वेगळा. हा तक्ता जिल्हा बँकेत आणि अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या) कार्यालयात मिळतो. पीक कर्ज ज्या खात्यातून मिळतं त्या किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा त्यावरून काढतात.

समजा एखाद्या पिकाचा दर हेक्टरी ६०,००० रुपये आहे आणि तुमचं क्षेत्र १.२ हेक्टर. पिकाचे झाले ७२,०००. काढणीनंतरचा आणि घरखर्च म्हणून त्यावर १० टक्के, ७,२००. अवजारं, मोटर, बैल यांच्या देखभालीसाठी २० टक्के, १४,४००. एकूण ९३,६००, वर पीक विम्याचा हप्ता. कार्ड पाच वर्षांचं असतं आणि मर्यादा दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते, म्हणजे पाचव्या वर्षी ती १ लाख ३७ हजारांच्या घरात जाते. त्याच शेतात रब्बीचंही पीक असेल तर त्याचा हिशेब वेगळा जोडायचा. पुष्कळ शाखा फक्त पहिला आकडा देतात आणि १० व २० टक्क्यांचं नावही काढत नाहीत. तुम्ही विचारा.

या हिशेबात दुसरी मोठी गोष्ट लपलेली आहे. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण घ्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. पिकाचं नजरगहाण (पीक तुमच्याच ताब्यात ठेवून तारण) चालतं, पण जमीन गहाण किंवा जामीनदार मागायचं कारण नाही. दोन हेक्टरच्या आतल्या जिरायत शेतकऱ्याची मर्यादा बहुधा या २ लाखांतच बसते. तरी त्याच्याकडून गहाणखत आणि सर्च रिपोर्टचा खर्च करवून घेतला जातो. शाखेने तसं सांगितलं तर "हे लेखी द्या" एवढंच म्हणा.

एक हेक्टरच्या आतल्या शेतकऱ्याला हेक्टरी दराने फार थोडी रक्कम येते. त्याच्यासाठी १० हजार ते ५० हजारांपर्यंतचं लवचीक किसान क्रेडिट कार्ड योजनेतच आहे, आणि त्यात जमिनीच्या किमतीचा संबंध लावायचा नसतो.

पायरी चौथी: सोसायटी की बँक

गावातली विविध कार्यकारी सोसायटी, तिच्यावर जिल्हा मध्यवर्ती बँक, तिच्यावर राज्य सहकारी बँक, अशी सहकाराची उतरंड आहे. लहान शेतकऱ्याला सोसायटी सोयीची: माणसं ओळखीची, गटसचिव (सोसायटीचं काम बघणारा) गावात येतो, कमाल मर्यादा पत्रकात, म्हणजे कुणाला किती कर्ज द्यायचं त्या यादीत, नाव चढलं की दरवर्षी फार कागद लागत नाहीत. व्याजातही ती परवडते. केंद्राच्या ३ टक्के सवलतीवर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळून, ३ लाखांपर्यंतचं वेळेत फेडलेलं कर्ज जिल्हा बँकेतून अनेकदा बिनव्याजी पडतं.

पण सोसायटीचं भलं-बुरं सभासदाच्या वाट्याला येतं. 'अनिष्ट तफावत' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. सोसायटीला जिल्हा बँकेचं जेवढं देणं आहे, त्यापेक्षा सभासदांकडून येणं कमी, म्हणजे मधला पैसा कुठेतरी जिरलेला. अशा सोसायटीला बँक नवं कर्ज द्यायला तयार होत नाही आणि वेळेवर भरणारा सभासदही कोरडा राहतो. पुढे जिल्हा बँकच अडचणीत आली तर अख्खा जिल्हा अडतो. नागपूर, वर्धा आणि बुलढाण्याच्या शेतकऱ्यांनी ते सोसलं आहे. म्हणून वार्षिक सभेला जा, लेखापरीक्षणाचा वर्ग विचारा, तफावत विचारा. उत्तर समाधानाचं नसेल तर बेबाकी दाखला घेऊन राष्ट्रीयीकृत किंवा ग्रामीण बँकेकडे वळा.

"तुमचं गाव आमच्याकडे दत्तक नाही", म्हणजे आमच्या शाखेला नेमून दिलेलं नाही, हे वाक्य तिथे ऐकायला मिळेल. व्यवहारात दत्तक शाखेत काम लवकर होतं हे खरं, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा. मात्र त्या कारणावर दुसऱ्या शाखेने पीक कर्ज नाकारावं असा नियम आता नाही. व्यापारी बँकांच्या ग्रामीण व निमशहरी शाखांनी वैयक्तिक कर्जदाराकडे गावातल्या सगळ्या बँकांचे बेबाकी दाखले मागू नयेत, असंही रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे.

उसाला कर्ज सहज मिळतं आणि कापूस-सोयाबीनला मिळत नाही, त्याचं मूळ वसुलीत आहे. उसाच्या बिलातून कारखाना हप्ता कापून थेट बँकेला देतो. कोरडवाहू शेतकऱ्याला अशी हमी दाखवता येते ती शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदी कराराने. करारातून थेट वसुलीची सोय असेल तर बँक ३ लाखांपर्यंत बिनतारण कर्ज देऊ शकते.

जमीन दुसऱ्याची असेल तर

बटाईने (पिकाच्या वाट्यावर), ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) कसणाऱ्याला सगळ्यात कमी कर्ज मिळतं, आणि त्याला सगळ्यात जास्त गरज असते. कसणाऱ्याला जमिनीवर हक्क देणाऱ्या कुळकायद्याच्या धास्तीने मालक लेखी करार करत नाही आणि कराराशिवाय बँक ऐकत नाही. नियमाने मात्र ठोक्याने कसणारा, तोंडी करारावर कसणारा आणि वाटेकरी हे तिघंही किसान क्रेडिट कार्डाला पात्र आहेत. व्यवहारात वाट निघते ती संयुक्त देयता गटाची: चार ते दहा जणांनी एकत्र यायचं आणि एकमेकांची हमी घ्यायची. गट नात्यातल्या लोकांचा करू नका, एकमेकांची शेती रोज बघणाऱ्यांचा करा. नाबार्डच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांकडे असे गट करून देणाऱ्या संस्थांची माहिती मिळते.

पायरी पाचवी: अर्ज द्या, पोच घ्या

अर्ज मार्चअखेरची धांदल संपली की एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात द्या. पीएम किसानच्या लाभार्थ्यांसाठी एक पानी अर्ज आहे, तोच मागा. सोबत सातबारा, ८अ, आधार, पॅन, फोटो आणि पिकांचा तपशील. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला प्रक्रिया, कागदपत्रं आणि तपासणीचं शुल्क माफ आहे.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. पोच देणं आणि मंजुरी किंवा नकाराची कारणासह नोंद ठेवणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि पूर्ण अर्ज १४ दिवसांत निकाली काढायचा असतो. तोंडी नकार हा नकारच नव्हे, कारण त्यावर कुठे दाद मागता येत नाही.

उत्तर आलं नाही तर पोच जोडून शाखेला एक पत्र, मग बँकेच्या विभागीय कार्यालयाला, आणि त्याची प्रत जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकांना. पीक कर्जाचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत होतो, तिथे या पत्राला वजन येतं. तक्रारीला ३० दिवस होऊनही काही घडलं नाही तर व्यापारी किंवा ग्रामीण बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८. सोसायटीची तक्रार सहाय्यक निबंधक आणि त्यावर जिल्हा उपनिबंधकांकडे करायची.

कर्ज मिळाल्यावर

व्याजाची सवलत परतफेडीच्या तारखेवर अवलंबून असते. ती तारीख पासबुकावर लिहून घ्या. नवं-जुनं (जुनं कर्ज फेडून नवं उचलणं) करताना पूर्ण रक्कम आधी भरावी लागते, आणि चार दिवसांसाठी म्हणून सावकाराचा पैसा इथेच घरात शिरतो. एकदम रक्कम उभी राहत नसेल तर माल विकला की लगेच थोडे थोडे खात्यात भरत जा. किसान क्रेडिट कार्ड हे उचल-भरणा करायचं खातं आहे, जेवढं वापरलं तेवढ्यावरच व्याज लागतं.

कर्ज फेडायचं म्हणून काढणीच्या हंगामात पडेल भावाने विकावं लागत असेल तर बाजार समितीतली शेतमाल तारण योजना बघा. पणन मंडळाच्या या योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. तुमच्या बाजार समितीत ती चालते का, हे काढणीच्या महिनाभर आधी विचारून ठेवा.

सावकाराकडून घ्यावंच लागलं तर परवाना विचारा आणि पावती घ्या. परवानाधारकाला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर ९ आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्क्यांहून जास्त वार्षिक व्याज घेता येत नाही. बेकायदा सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली ती परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

आणि पीक गेलं तर खातं थकण्याची वाट बघू नका. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान जाहीर झालं की पीक कर्जाचं मुदत कर्जात पुनर्गठन करता येतं आणि नव्या हंगामाला नवं कर्ज मिळू शकतं. त्यासाठी शाखेत जाऊन संमतीपत्र भरावं लागतं. नुकसानभरपाई खात्यात आल्यावर शाखेने होल्ड लावला तर लगेच तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा. ही मदत कर्जात वळती करू नये, असे सरकारचे आदेश प्रत्येक आपत्तीच्या वेळी निघतात. त्या आदेशाची प्रत तहसील कार्यालयातून मागून घ्या आणि तक्रारीला जोडा.